पुरापरिस्थितिविज्ञानातील विदा-व्यवस्थापन

तळ्यांचा गाळ, पीट (दलदलीत साठलेले अर्धवट कुजलेले वनस्पतींचे थर), जीवाश्म यांवरून गतकाळातील सजीवसृष्टी व तिचे पर्यावरण उलगडताना मिळालेल्या निरीक्षणांची, म्हणजे विदेची, नोंद, जतन आणि देवाणघेवाण. परागकण वेगळे करण्यासाठी गाळावर आम्ल-अल्कलींची प्रक्रिया केली की तेवढा गाळ संपतो, आणि गाभा (तळातून नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना) पुन्हा काढणे खर्चाचे असते. त्यामुळे मूळ नोंदीचे मोल येथे फार आहे.

एका नमुन्यात साधारणपणे ३०० ते ५०० परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पूर्वी बहुतेक शोधनिबंधांत त्यांच्या टक्केवारीचा आलेखच तेवढा छापला जाई. पण ५० टक्के गवत म्हणजे १० पैकी ५ कण की ५०० पैकी २५०, हे आलेखावरून कळत नाही आणि दोन्हींची विश्वासार्हता सारखी नसते. म्हणून प्रत्यक्ष गणना जपायला हवी. परागकणांची घनता काढण्यासाठी नमुन्यात लायकोपोडियम या वनस्पतीचे ठरावीक संख्येचे बीजाणू मिसळले असतील, तर त्यांची संख्याही नोंदवावी लागते.

वयाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रेडिओकार्बन वय, म्हणजे अवशेषातील किरणोत्सारी कार्बनवरून काढलेले वय, १९५० हे वर्ष ‘वर्तमान’ धरून सांगतात. ते कॅलेंडर-वर्षांत बदलण्याचे वक्र वेळोवेळी सुधारले जातात. २०२० मध्ये ‘इंटकॅल २०’ हा नवा वक्र आला आणि त्याआधीची रूपांतरित वये जुनी झाली. ज्यांनी मूळ मापन, त्याची त्रुटी, प्रयोगशाळेचा क्रमांक, खोली आणि तपासलेला पदार्थ लिहून ठेवला होता, त्यांना नवे वय सहज काढता आले. पदार्थाची नोंद तर अत्यावश्यकच: चुनखडीच्या प्रदेशातील तळ्यांत जलवनस्पती पाण्यातला जुना कार्बन घेतात, त्यामुळे त्यांचे वय प्रत्यक्षाहून जास्त दिसते. मोजलेले आणि अनुमानलेले वेगळे ठेवणे, हा या कामाचा गाभा आहे.

विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्यावरच मोठे प्रश्न हाताळता येतात. कोहमॅप या गतकाळातील हवामानाच्या संशोधन-प्रकल्पाने १९८८ मध्ये गेल्या १८,००० वर्षांतील परागकण व तळ्यांच्या पातळीच्या नोंदी हवामान-प्रारूपांशी ताडून पाहिल्या. आज निओटोमा या संग्रहात अनेक प्रादेशिक विदासंग्रह एकत्र नांदतात. तेथील विदा श्रेय देऊन कोणालाही वापरता येते, आणि त्या त्या विषयाचे जाणकार ती तपासून भरतात. ‘ग्रॅमिनी’ आणि ‘पोएसी’ ही गवताच्या एकाच कुळाची नावे आहेत, हे जुळवणेही त्यांच्याकडेच. या कष्टांना शोधनिबंधाइतके श्रेय मिळत नाही, हा अन्याय आहे. विदासंचाला स्वतंत्र डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) दिल्याने निदान त्याचा संदर्भ देता येतो.

सगळेच मात्र उघड करणे योग्य नसते. लुटीचा धोका असलेल्या पुरातत्त्वीय स्थळांचे अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ दिले जातात.