नवरा-बायकोचं भांडण म्हणून आपण गप्प बसतो तेव्हा

लालबागच्या चाळीत किंवा धारावीच्या गल्लीत मारहाण लपत नाही. पलीकडे भांडं पडलं तरी अलीकडे कळतं. तरी बाई ओरडली की टीव्हीचा आवाज वाढतो, गॅलरीतली माणसं आत जातात आणि सकाळी कोणी विषय काढत नाही. याला नुसता कोडगेपणा म्हणून चालणार नाही.

१९७६ साली अमेरिकेत शॉटलंड आणि स्ट्रॉ या संशोधकांनी नटांकरवी एक झटापट घडवली. पुरुष बाईवर हात टाकतो. ‘मी तुला ओळखत नाही’ असं ती ओरडली तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. ‘तुझ्याशी लग्नच का केलं’ असं ओरडली तेव्हा फक्त १९ टक्के. हल्ला तोच होता. पण नवरा असला की बाईला धोका कमी, असं बघणारे धरून चालले होते.

हे गृहीतक साफ चुकीचं आहे. २०२३ मध्ये जगभरात हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के जणींचा खून जोडीदाराने किंवा घरच्या माणसाने केला, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

आपल्या गप्प बसण्यातून मारणारा एकच अर्थ काढतो: हे चालतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एखाद्या कारणासाठी तरी बायकोला मारणं योग्य मानलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली जेमतेम १४ टक्के जणींनी. उरलेल्या बहुतेकींनी ती कुणाला सांगितलीसुद्धा नाही. म्हणून त्यांच्या तक्रारीची वाट पाहत बसू नये.

२००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने ‘बेल बजाओ’ मोहीम काढली. त्यातली युक्ती मला फार मोलाची वाटते. भांडायचं नाही, उपदेश करायचा नाही, फक्त दार वाजवायचं. ‘वहिनी, जरा विरजण मिळेल का?’ एवढ्याने हात थांबू शकतो, आणि बाहेर ऐकू जातंय हे त्याला कळतं. तो फारच भडकलेला किंवा हातात काही घेऊन असेल, तर एकट्याने न जाता ११२ वर पोलिसांना बोलवावं.

नंतर तो घरात नसताना तिच्याशी बोला. ‘सांभाळून घे’ म्हणू नका, आणि ‘आत्ताच निघ’ असा हट्टही नको, कारण घर सोडतानाच धोका अनेकदा वाढतो. एक गोष्ट मात्र नक्की विचारा: त्याने गळा दाबला होता का? आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं ही त्याची लक्षणं. कातडीवर वळ नसला तरी आत इजा असू शकते, म्हणून डॉक्टरांना लगेच दाखवायला हवं. जोडीदाराने पूर्वी गळा आवळलेला असेल, तर पुढे त्याच्याकडून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली आहे.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० पासून ‘दिलासा’ केंद्र आहे. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. तिथे समुपदेशक तिचं ऐकून घेतात आणि पुढची वाट ठरवायला मदत करतात. शेजाऱ्यांना कोर्टकचेरीची भीती असते. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.