डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट व विंडो मॅनेजर, लिनक्सवरील

संगणकाच्या पडद्यावर खिडकी कोठे उघडावी, तिला चौकट व शीर्षकपट्टी असावी की नसावी, ती कशी हलवावी, हे सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे विंडो मॅनेजर. त्याच्या जोडीला पॅनेल, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज अशा एकाच घडणीच्या वस्तूंचा संच आला की त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. लिनक्सवर या दोहोंची निवड वापरणाऱ्याच्या हाती असते.

या मोकळिकीचे मूळ लिनक्सहून जुने आहे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1984 मध्ये बॉब शायफ्लर व जिम गेटीस यांनी पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीचे काम सुरू केले. स्टॅनफर्डच्या ‘डब्ल्यू’ प्रणालीवरून ती निघाली, म्हणून नावाला पुढचे अक्षर आले. साधने पुरवावीत, धोरण लादू नये, हे तिचे सूत्र. त्यामुळे खिडक्यांची व्यवस्था वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवली गेली. आजही वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती 1987 ची आहे.

लिनक्सवरचे पहिले डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट कोणते, याबाबत मतभेद आहेत. एचपी, आयबीएम, सन आदी कंपन्यांनी 1993 मध्ये घोषित केलेले सीडीई (कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट) हे संकल्पनेने आधीचे. परंतु ते व्यापारी युनिक्ससाठी होते आणि त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, 2012 मध्येच खुला झाला. माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने 14 ऑक्टोबर 1996 रोजी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. नावात सीडीईवर उघड कोटी आहे. ऑलिव्हिए फूर्दां यांचे एक्सएफसीई त्याच वर्षीचे असल्याने काहीजण त्याला बरोबरीचा मान देतात. मात्र प्रारंभीचे एक्सएफसीई जवळपास पॅनेलपुरतेच होते, आणि सर्व प्रोग्राम एका वळणाचे असावेत हा हेतू केडीईच्या घोषणेत स्पष्ट होता. त्यामुळे केडीईला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक वाटते.

खिडक्या, बटणे इत्यादी घडवण्याच्या ज्या क्यूटी संचावर केडीई उभे होते, त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. या आक्षेपातून ऑगस्ट 1997 मध्ये मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी जीनोम सुरू केले. क्यूटीला 2000 मध्ये जीपीएल हा मुक्त परवाना मिळाला आणि मूळ वाद संपला. दोन घराणी मात्र राहिली. पुढे 2011 च्या जीनोम 3 ने नेहमीची मांडणी मोडली. ती न पटलेल्यांनी जुन्या संहितेवरून माटे चालू ठेवले, तर लिनक्स मिंट या लिनक्स-वितरणाने सिनॅमन घडवले.

खिडक्या एकमेकींवर न ठेवता फरशीसारख्या शेजारी बसवणारे डीडब्ल्यूएम (2006), आय3 (2009) इत्यादी टायलिंग विंडो मॅनेजर कळफलकावर भिस्त असणाऱ्यांचे. डीडब्ल्यूएममध्ये मांडणी बदलण्यासाठी सहसा स्रोतातच फेरफार करून तो पुन्हा कंपाइल करतात.

क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी 2008 मध्ये एक्सला पर्याय म्हणून सुरू केलेल्या वेलँडमध्ये चित्रण व खिडक्यांची व्यवस्था सामान्यतः एकाच प्रोग्रामकडे असते. एक्सवर केवळ विंडो मॅनेजर बदलता येतो, तशी सोय येथे सहसा उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याने निवड करताना पडद्याच्या देखणेपणाआधी टंकलेखन पाहावे. जोडाक्षरांची जुळणी आता जीनोमच्या जीटीके व केडीईच्या क्यूटी या दोन्ही संचांत हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीकडे असल्याने त्या बाबतीत जीनोम-केडीई असा भेद फारसा उरलेला नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकात बहुतांशी एका कळीला एक चिन्ह असते, म्हणून आय3वरही कळफलकाची मांडणी बदलून बरेच काम भागते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची असल्यास मात्र आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांसारखे टंकनसाधन लागते. जीनोममध्ये आयबस आधीच जोडलेले असते; साध्या विंडो मॅनेजरवर ते सुरू करणे आणि इतर प्रोग्रामांना त्याचा पत्ता देणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स लिहिणे आपल्यालाच करावे लागते. टर्मिनलमध्ये काना-मात्रा सुटे पडण्याचे दुखणे वेगळे. तेथे समान रुंदीच्या चौकटींची अडचण असते आणि टर्मिनलच बदलून पाहावे लागते.

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या गाळ्यात जुन्या मिलिंग यंत्राला लिनक्ससीएनसी हा यंत्र चालवणारा प्रोग्राम जोडायचा झाल्यास कसोटी पुन्हा बदलते. पॅरलल पोर्टमधून स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या, मोटरला जाणारे स्पंद संगणकच मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने तयार करतो. ग्राफिक्समुळे मध्येच विलंब झाला तर मोटरची पावले चुकू शकतात आणि माप बिघडते. अशा ठिकाणी एक्सएफसीईसारखे हलके एन्व्हायर्नमेंट पसंत करतात. तेवढ्यावर मात्र विसंबता येत नाही, कारण दोष पुष्कळदा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. म्हणून विलंबमापन चालू ठेवून खिडक्या मुद्दाम इकडून तिकडे ओढतात, मोठ्या फाइली कॉपी करतात आणि सर्वाधिक विलंबाचा जो आकडा दिसेल तोच हिशेबात धरतात.