सामुदायिक पोलिसिंग: अंमलदाराची पसंती आणि अंमलदाराची पारख

सामुदायिक पोलिसिंगचे, म्हणजे रहिवाशांना सोबत घेऊन केलेल्या पोलीस कामाचे, मूल्यमापन म्हटले की आधी नागरिकांना विचारले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ठरावीक बीट, म्हणजे नेमून दिलेला भाग, सांभाळणे, पायी गस्त घालणे, रहिवाशांच्या बैठका घेणे, घरोघरी भेटी देणे आणि त्याच त्या तक्रारीच्या मुळाशी जाणे, ही सगळी कामे जे अधिकारी व अंमलदार रोज करतात त्यांना विचारण्याची वेळ आली की एक घोळ हमखास होतो. योजना त्यांना कितपत पसंत आहे आणि त्यांच्या पाहण्यात ती कितपत काम करते, हे दोन निराळे प्रश्न एकाच प्रश्नावलीत मिसळले जातात, उत्तरांची सरासरी काढली जाते आणि त्या एका आकड्याला ‘पोलिसांचा दृष्टिकोन’ असे नाव मिळते. या लेखापुरते पहिल्या गोष्टीला पसंती म्हणू आणि दुसरीला पारख.

फरक कसा पडतो ते एका नमुना प्रश्नावरून पाहू. ‘सामुदायिक पोलिसिंगमुळे पोलीस आणि जनता यांचे संबंध सुधारतात’ असे विधान आणि त्यापुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच चौकोन. रात्रपाळी संपवून आलेला अंमलदार ‘सहमत’वर खूण करतो. कल्पना चांगली आहे एवढेच त्याला म्हणायचे असेल, किंवा आपल्या बीटमध्ये असे घडताना त्याने खरोखर पाहिले असेल, किंवा हा कागद ज्या साहेबांच्या हातून वर जाणार आहे त्यांनीच योजना सुरू केली आहे, हे त्याच्या मनात असेल. खुणेवरून यातले काहीच कळत नाही. आता दुसरा प्रश्न घ्या: ‘तुमच्या बीटच्या मागच्या बैठकीत कोणती तक्रार आली, ती तुम्ही कोणाकडे पाठवली आणि पुढच्या बैठकीपर्यंत तिचे काय झाले?’ योजनेवर मनापासून नाराज असलेला अंमलदारही याचे नेमके उत्तर देऊ शकतो, आणि योजनेची स्तुती करणारा पण एकही बैठक न घेतलेला अंमलदार देऊ शकत नाही. पहिला प्रश्न पसंतीचा आहे, दुसरा पारखीचा.

या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेने चालत नाहीत, हे अमेरिकेतील न्यूअर्क शहरातल्या पायी गस्तीच्या प्रयोगात स्पष्ट दिसले. 1978–79 मध्ये तिथे काही भागांत पायी गस्त नव्याने सुरू केली गेली, काही भागांत चालू ठेवली गेली आणि काही भागांत थांबवली गेली. पायी फिरणाऱ्या पोलिसांचे मनोबल आणि कामातील समाधान गाडीतून गस्त घालणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले, नागरिकांकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही अधिक अनुकूल होती, आणि रहिवाशांनाही अधिक सुरक्षित वाटू लागले होते. गुन्ह्यांचे प्रमाण मात्र त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. कोणी केवळ पोलिसांच्या समाधानाचा आकडा घेऊन ‘गुन्हे रोखण्यात योजना यशस्वी’ असा निष्कर्ष काढला असता तर तो चुकला असता. आणि केवळ गुन्ह्यांच्या आकड्यावरून गस्त बंद केली असती तर लोकांची कमी झालेली भीती हिशेबातून निसटली असती.

याची उलट बाजू अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरात दिसली. तिथे 1980च्या दशकात ‘नेबरहूड ओरिएंटेड पोलिसिंग’ या नावाने असा उपक्रम राबवला गेला, तेव्हा नाराज पोलिसांनी त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा (एनओपी) ‘नोबडी ऑन पेट्रोल’, म्हणजे ‘गस्तीवर कोणीच नाही’, असा अर्थ लावला. वरवर पाहता ही निव्वळ नापसंती आहे, आणि मूल्यमापन करणारा तिची नोंद ‘बदलाला विरोध’ या रकान्यात करून मोकळा होईल. मला ते अन्यायाचे वाटते. त्या टोमण्यात एक तपासण्याजोगे विधानही आहे: काही जण बैठकांना आणि भेटींना गेले की नियंत्रण कक्षाकडून येणारे कॉल उरलेल्यांच्या वाट्याला येतात. ते खरे की खोटे हे कॉलच्या नोंदी, प्रतिसादाला लागलेला वेळ आणि पाळीवरील मनुष्यबळ यांवरून ठरवता येते. नापसंतीच्या पोटात पारख असते ती अशी, आणि सरासरी काढताना सर्वांत आधी तीच हरवते.

पारखीचे मोल किती, हे कळण्यासाठी कागदावर न उमटणारा एक प्रसंग कल्पून पाहावा. बीटच्या पहिल्या बैठकीत रहिवासी सांगतात की वळणावरचा दिवा बंद आहे आणि तिथेच अंधारात टोळकी जमतात. बीट अंमलदार जागेवर जाऊन पाहतो, खांबाचा क्रमांक टिपून घेतो आणि संबंधित विभागाला पत्र पाठवतो. दुसऱ्या बैठकीत दिवा तसाच आहे. तो पत्राची प्रत दाखवतो आणि लोक समजून घेतात. तिसऱ्या बैठकीतही दिवा तसाच, आणि आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मागच्या वेळी तावातावाने बोललेल्या बाई आलेल्या नाहीत, आणि रस्त्यात भेटल्यावर त्या नजर चुकवतात. ठाण्याच्या मासिक अहवालात मात्र ‘बैठका: तीन’ असे लिहिले जाते आणि लक्ष्य पूर्ण झाल्याची नोंद होते. लोक येईनासे का झाले, हे त्या अहवालातून कळत नाही, आणि न आलेल्या लोकांना विचारायला सहसा कोणी जात नाही. ते ठाऊक असते त्या एका अंमलदाराला: विश्वास कमी झाला तो पोलिसांनी काही वाईट केले म्हणून नव्हे, तर पोलिसांच्या हातात नसलेली गोष्ट पोलिसांच्या बैठकीत मागितली गेली आणि ती मिळवून देण्याची कोणतीही वाट योजनेने आखून ठेवली नव्हती म्हणून. त्याला जर ‘योजनेबद्दल समाधानी आहात का?’ एवढेच विचारले, तर तो ‘असमाधानी’वर खूण करील आणि हे सगळे त्या एका चौकोनात गडप होईल.

जे घडलेच नाही त्याच्या बाबतीत तर पारखीला पर्याय मिळणे आणखी अवघड असते. भिवंडीत 1970 आणि 1984 साली भीषण दंगली झाल्या होत्या. 1988 नंतर तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, आणि 1992–93 मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. न झालेल्या दंगलीची आकडेवारी नसते. कोणती अफवा कोणत्या गल्लीत कोणी थांबवली, हे सांगू शकतात ते समितीतले रहिवासी आणि त्या गल्लीत बसणारे पोलीस.

तरीही पारख म्हणजे पुरावा असे धरून चालता येणार नाही. अंमलदाराला दिसतात ते बैठकीला येणारे लोक. पोलीस दिसताच दार लावून घेणारे त्याच्या नजरेआडच राहतात, आणि बहुधा सेवेची गरज त्यांनाच अधिक असते. शिवाय आपल्याच कामाविषयी सांगताना, विशेषतः वार्षिक गोपनीय अहवाल जवळ आलेला असताना, माणूस चांगले तेवढे सांगतो. म्हणून पारखीचे प्रत्येक विधान दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहावे लागते: बैठकीच्या उपस्थितीशी, तक्रार नोंदवहीशी, आणि रहिवाशांच्या स्वतंत्र पाहणीशी. पसंती अशी ताडता येत नाही, कारण ती ज्याची त्याची असते.

म्हणून पसंती निरुपयोगी ठरते असेही नाही. बदली झाली, वरिष्ठ बदलले किंवा बंदोबस्ताचा ताण वाढला की योजना टिकेल का, याचा अंदाज तिच्यावरूनच येतो. फक्त ती कोणाची आहे हे पाहिले पाहिजे. स्वेच्छेने या कामावर आलेल्यांची पसंती आणि आदेशाने नेमलेल्यांची पसंती एकत्र मोजली, तर जो आकडा मिळतो तो दोघांपैकी कोणाचाच नसतो.

प्रत्यक्ष पाहणी करताना दोन्ही भाग वेगळ्या कागदांवर घ्यावेत. पसंतीचा कागद निनावी असावा, योजना सुरू होण्याआधी एकदा आणि नंतर काही काळाने पुन्हा भरून घ्यावा, आणि ठाणे प्रभारींच्या हातून न जाता तो थेट पाहणी करणाऱ्यांकडे यावा. पारखीचा भाग मुलाखतीतून घ्यावा, बीटमध्ये चालता चालता घेता आला तर उत्तमच, आणि त्यात दिवस, जागा आणि पुढे काय झाले याविषयी प्रश्न असावेत. निनावीपणाचा प्रश्न इथे अधिक नाजूक होतो, कारण बीट सांगितले की अंमलदार ओळखता येतो. त्यामुळे अहवालात बीटची ओळख झाकणे ही पाहणी करणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच तसे सांगितले पाहिजे. निष्कर्ष ज्यांनी माहिती दिली त्यांच्यापर्यंतही परत गेले पाहिजेत. वळणावरच्या दिव्याची गोष्ट सांगणाऱ्या अंमलदाराला तिचे पुढे काय झाले हे कधीच कळले नाही, तर पुढच्या वर्षीच्या प्रश्नावलीत तो सगळीकडे ‘तटस्थ’वर खूण करील.