रक्त फुटणं वेगळं, रक्त साकळणं वेगळं

मे महिन्यात कूलरचा पंप पाणी चढवेनासा झाला, की नागपुरातला आमचा मिस्त्री मोटरकडे बघतही नाही. आधी टाकीच्या कोपऱ्यात बोटं घालतो. "पंपाले काही नाई झालं भाऊ, शेवाळ बसलं आतमंदी." पात्याशी पाणी गरगरत असतं, तिथे शेवाळ धरत नाही. धरतं ते पाणी नुसतं पडून राहतं तिथे.

हृदयाला मदत करणाऱ्या पंपाचं सिम्युलेशन कुणाला दाखवताना मला तो कोपरा आठवतो. कारण "पंपात रक्त खराब होतं" असं म्हणताना लोक दोन निराळ्या गोष्टी एकात कोंबतात.

एक, फुटणं. फिरतं पातं आणि भिंत यांच्यामधल्या फटीत रक्त इतकं घासलं जातं, की तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. ही फूट मोजायला संशोधक गीर्सिपेन आणि सहकाऱ्यांचं १९९०चं सूत्र अजून वापरात आहे. त्यात ताणाचा, म्हणजे घासण्याच्या जोराचा, घातांक २.४१६ आणि तो ताण सोसण्याच्या वेळेचा ०.७८५. म्हणजे ताण दुप्पट झाला, तर फूट पाचपटीहून जास्त. वेळ दुप्पट झाला, तर फूट दुपटीलाही पोचत नाही. म्हणून इथे मी पडद्यावर जास्त ताणाचे लाल डाग शोधतो.

दुसरं, साकळणं, म्हणजे गुठळी होणं. ते पडद्यावरच्या निळ्या जागी होतं, जिथे रक्ताचा वेग जवळजवळ शून्य. लाल डाग नाहीत हे पाहून सुटकेचा श्वास टाकणारे नेमके इथेच फसतात. मी त्या कोपऱ्यात संगणकातली शाई सोडतो आणि पातं किती फेरे मारल्यावर ती धुऊन निघते, ते मोजतो.

फट रुंद केली की फुटणं कमी होतं, पण रक्त रेंगाळू शकतं. हार्टमेट ३ या अशाच एका पंपामध्ये पातं चुंबकाने तरंगतं, फटी मोठ्या आहेत आणि दर २ सेकंदांनी वेग मुद्दाम कमीजास्त केला जातो. त्यातला एक हेतू कोपरे धुण्याचाच.

गोंधळाचं मूळ मात्र रक्ताच्या रिपोर्टमध्ये आहे. एलडीएच, म्हणजे पेशींच्या आतलं एक एन्झाइम, रक्तात वाढलं म्हणजे पेशी फुटताहेत, तरी डॉक्टर आधी संशय घेतात गुठळीचा. तिने वाट अरुंद केली, की उरलेल्या फटीत रक्त घासू लागतं. आमच्या सिम्युलेशनमधला पंप कायम कोरा करकरीत. ही गुठळी त्यात हाताने आखून घालावी लागते.