मुलांचे ई-मेलशिक्षण

ई-मेलने पत्र कसे लिहावे, कोणाला कसे संबोधावे आणि आलेल्या पत्रावर कितपत विश्वास ठेवावा, हे शाळकरी मुलांना शिकवण्याची रीत. मुंबईत हे शिक्षण शाळेतल्या संगणकाच्या तासाला थोडे आणि घरी आईबाबांच्या फोनवर जास्त होते. पाचवी-सहावीच्या सुमारास गरज पडू लागते : प्रकल्पाची फाईल पाठवायची असते, स्पर्धेचा अर्ज भरायचा असतो, क्लासच्या सरांना गैरहजेरी कळवायची असते. अकरावीच्या प्रवेशापर्यंत तर स्वतःचा मेल आयडी लागतोच. मुंबई विभागात ही प्रवेशप्रक्रिया २००९ पासून ऑनलाइन आहे.

अमेरिकी संगणक अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये व्यक्तीचे नाव आणि तिच्या संगणकाचे नाव ‘ॲट’ या चिन्हाने जोडले, तेव्हापासून मेलच्या पत्त्याची घडण बदललेली नाही. भारतात विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्या काळी मेल शिकलेल्या मुंबईकरांच्या हाताला आधी कागदी पत्राची सवय होती. मायना, मजकूर, खाली सही हा क्रम त्यांना कोणी शिकवावा लागला नाही. आजच्या मुलाच्या हाती आधी व्हॉट्सॲप येते आणि मेल नंतर. मुलांच्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातून येतात. एका वाक्याचा एक मेल, असे पाठोपाठ पाच मेल. विषयाची ओळ रिकामी, किंवा सगळे पत्रच विषयाच्या ओळीत. आणि खाली नाव नाही, कारण व्हॉट्सॲपवर नाव वर आपोआप दिसते.

मायना आणि मजकूर. मराठी पत्रात मायन्यातूनच नाते कळायचे. वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’. मेलमध्ये हा पसारा कोणी मागत नाही, पण ‘हाय सर’ आणि ‘तीर्थरूप’ यांच्या मधली जागा मुलाला दाखवावी लागते. ‘नमस्कार सर’ एवढे पुरते. इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलाचा ‘यू’ सर्वांना चालतो. मराठीत लिहिताना तू, तुम्ही की आपण हे ठरवल्याशिवाय पहिले क्रियापदही लिहिता येत नाही. म्हणून सुरुवातीचे दोन-चार मेल मराठीतच लिहून घ्यावेत, कारण समोर कोण आहे याचा विचार त्याशिवाय होत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठीत पत्रलेखन आहेच, आणि त्याच्या हल्लीच्या आराखड्यात पत्त्याबरोबर ई-मेलही लिहायचा असतो. तो केवळ गुणांसाठी पाठ होतो ही गोष्ट निराळी.

शिकवताना नमुना छोटा असावा. विषय : ‘सोमवारची गैरहजेरी, सातवी ब’. मजकूर : ‘नमस्कार मॅडम, ताप असल्याने मी सोमवारी येऊ शकलो नाही. गणिताचा गृहपाठ कोणता आहे ते कृपया कळवावे.’ खाली पूर्ण नाव आणि हजेरी क्रमांक. फाईल आधी जोडायची, मजकूर मग लिहायचा आणि पत्ता सर्वांत शेवटी घालायचा, असा उलटा क्रम लावून दिला तर ‘सॉरी, अटॅचमेंट राहिली’ हा दुसरा मेल वाचतो, आणि अर्धवट पत्र चुकून जातही नाही. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, त्याच पत्राची दुसऱ्याला धाडलेली प्रत. फोर्टमधल्या कचेरीत टाइपरायटरवर काळा कागद घालून प्रती काढलेले आजोबा घरात असतील, तर हा धडा त्यांनीच द्यावा. वर्गातल्या तीस जणांना एकच निरोप धाडताना पत्ते ‘बीसीसी’त टाकायचे, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. दुसऱ्याचा पत्ता त्याला न विचारता वाटणे हा उद्धटपणाही आहे आणि धोकाही.

खाते कोणाचे. गूगलच्या नियमाप्रमाणे भारतात स्वतःचे खाते स्वतः सांभाळण्याचे किमान वय १३ आहे. त्याखालच्या मुलाचे खाते पालकाच्या देखरेखीखाली काढता येते. घरोघरी मात्र जन्मसाल मागे ढकलून खाते काढले जाते. मग खोटी तारीख कोणालाच आठवत नाही, पासवर्ड विसरतो, आणि ज्या नंबरवर ओटीपी येणार तो बाबांचा जुना नंबर केव्हाच बंद झालेला असतो. पत्त्यात जन्मसाल, शाळेचे नाव वा इमारतीचे नाव घालू नये, हे खाते काढतानाच सांगायला हवे. पत्ता नंतर बदलणे जिकिरीचे असते.

झेरॉक्सचे दुकान. घरी प्रिंटर नसलेल्या मुंबईत प्रकल्पाची पाने छापायला मूल स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. भिंतीवर दुकानाचा मेल आयडी चिकटवलेला असतो. घरून त्या आयडीवर फाईल धाडणे ठीक. परंतु घाईत मूल दुकानाच्या संगणकावरच स्वतःचे खाते उघडते, छपाई होते, मागचा गिऱ्हाईक खांद्यावरून डोकावत असतो, आणि खाते तसेच उघडे टाकून मूल लोकल पकडते. लॉगआउट करायची सवय संगणकाच्या तासापेक्षा या दुकानातच लागते, आईबाबा दोनदा सोबत गेले तर.

नम्र ठग. या शिक्षणातली खरी अडचण अशी की त्याची दोन्ही अंगे एकमेकांविरुद्ध ओढतात. मोठ्यांचे ऐकावे, लगेच उत्तर द्यावे, उलट विचारू नये, असे वळण लावलेले मूलच फसव्या मेलला आधी बळी पडते. फसवा मेल बहुधा उद्धट नसतो. तो मुख्याध्यापकांच्या नावाने येतो, आदराने बोलतो आणि घाई करतो : आज रात्रीपर्यंत लिंक उघडा, नाहीतर हॉलतिकीट मिळणार नाही. पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव कोणालाही हवे ते ठेवता येते, म्हणून नावावर बोट टेकवून मागचा पूर्ण पत्ता वाचायला शिकवतात. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, ही खोड मुलांना कोड्यासारखी आवडते आणि लक्षात राहते. पासवर्ड किंवा ओटीपी सरांनी मागितला तरी द्यायचा नाही, आणि शंका आल्यास सरांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन करायचा. यात सरांचा अपमान होत नाही, हे आधी सरांनीच वर्गात सांगितलेले बरे.

कायदा आणि तक्रार. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तर संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे ६६डी खाली येते. मित्राच्या खात्यातून गंमत म्हणून मेल धाडणाऱ्या आठवीतल्या मुलाला हे ठाऊक नसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवतात. मूल संकटात असेल तर १०९८. आलेला मेल पुसू नये, कारण कोणत्या सर्व्हरमधून तो आला याच्या नोंदी त्याच्या हेडरमध्येच, म्हणजे मेलला जोडलेल्या एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक मजकुरात, असतात आणि पोलिसांना त्याच लागतात. मुले मात्र आधी तोच पुसतात. घरी कळले तर फोन काढून घेतील, ही भीती त्यांना ठगापेक्षा मोठी वाटते.