नोकरीचा वैताग वेगळा, कामाचा वैताग वेगळा

"नोकरी सोडू का?" असं कोणी विचारलं की दोन फिक्स उत्तरं येतात, "सोड रे, टेन्शन कशाला घेतोस" नाहीतर "गप कर, सगळीकडे हेच असतं". दोन्ही ऐकून माझं डोकं फिरतं, कारण समोरचा नक्की कशाला वैतागलाय हे कोणी विचारतच नाही.

नोकरीचा वैताग सगळ्यांना पाठ आहे. बॉस, अप्रेझल, रात्री अकराला आलेला "जरा बघतोस का" मेसेज. दुसरी ऑफर हातात घ्या आणि निघा, विषय संपला.

घोळ होतो तो कामाच्या वैतागात. बॉस वाईट असला की चांगलं कामही नकोसं होतं, आणि कामच नकोसं झालं असेल तर बॉसने नुसतं "झालं का?" विचारलं तरी तो डोक्यात जातो, त्यामुळे आपलं आपल्यालाच कळत नाही. मी स्वतः फसलोय. मॅनेजरला कंटाळून कंपनी बदलली, नवीन मॅनेजर अगदी देवमाणूस, पण तिसऱ्या महिनाअखेरीला रिकन्सिलिएशनची, म्हणजे दोन्हीकडचे हिशेब जुळवायची, एक्सेल उघडली, जुळत नसलेल्या ओळी लाल दिसल्या आणि पोटात तोच गोळा. मॅनेजर बिचारा निमित्त होता, मला ही जुळवाजुळवच नको होती.

"पगार दुप्पट केला तर राहशील का" हे तर विचारूच नका, कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा बघा, बॉस रजेवर आहे, फोन शांत आहे, दोन तास कोणी त्रास देत नाहीये, तेव्हा तुम्ही काय करता? कामात घुसून चहा गार होत असेल तर फक्त ऑफिस बदला. तेव्हाही सारखा मोबाइल हातात येत असेल तर त्याच पोस्टसाठी दुसरीकडे अप्लाय करून काय होणार?

आणि प्लीज, "बर्नआउट आहे, चार दिवस सुट्टी घे" हे नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत बर्नआउट घेतलं ते आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या ताणाचा परिणाम म्हणून, आणि त्यात थकवा ही तीनातली एकच खूण आहे, बाकीच्या दोन म्हणजे कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पार पिळून निघालेल्या माणसाला आवडतं कामही नको वाटतं, म्हणून ती दोन तासांची परीक्षा डेडलाइनच्या आठवड्यात घेऊ नका, जरा झोप पूर्ण झाली की घ्या.