भ्रष्ट सौदा (अमेरिका, १८२४–२५)

अमेरिकेच्या १८२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहाकडे गेली. सभापती हेन्री क्ले यांनी तिथे आपले सारे वजन जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या पारड्यात टाकले. ॲडम्स निवडून आले आणि आठवडाही उलटायच्या आत त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्रिपद देऊ केले. हे साटेलोटे होते असा आरोप करत पराभूत उमेदवार अँड्र्यू जॅक्सन यांच्या गोटाने त्याला ‘भ्रष्ट सौदा’ हे नाव दिले. नाव विरोधकांनी ठेवलेले, पण इतिहासात तेच रूढ झाले.

त्या वेळी फेडरलिस्ट पक्ष जवळजवळ संपलेला होता आणि सगळे इच्छुक माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याच रिपब्लिकन पक्षातले (आजच्या रिपब्लिकन पक्षाहून वेगळा) होते. आतापर्यंत पक्षाचा उमेदवार काँग्रेस सदस्यांची बैठक ठरवत असे. १४ फेब्रुवारी १८२४ च्या बैठकीला मात्र जेमतेम ६६ सदस्य आले, म्हणजे चौथा हिस्सा. त्यांनी अर्थमंत्री विल्यम क्रॉफर्ड यांचे नाव पुढे केले. क्रॉफर्ड यांना आदल्याच वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. बाकीच्यांनी बैठकीचा निर्णय मानलाच नाही. परराष्ट्रमंत्री ॲडम्स, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईचे नायक जनरल जॅक्सन आणि सभापती क्ले आपापल्या राज्यांच्या बळावर रिंगणात राहिले. युद्धमंत्री जॉन कॅलहून यांनी वारे ओळखून उपराष्ट्राध्यक्षपदावर समाधान मानले.

निर्वाचक म्हणजे राज्यांच्या वतीने राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी. त्यांच्या मतांत जॅक्सन यांना ९९, ॲडम्स यांना ८४, क्रॉफर्ड यांना ४१ आणि क्ले यांना ३७ मते मिळाली. बहुमताला १३१ हवी होती. जनतेच्या मतांतही जॅक्सन पुढे होते, मात्र २४ पैकी ६ राज्यांत निर्वाचक अजून विधिमंडळेच निवडत होती, त्यामुळे त्या आकड्याला पुरते लोकमत म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीनुसार प्रतिनिधिगृहापुढे फक्त पहिल्या तिघांचीच नावे जातात आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. क्ले चार मतांनी बाहेर फेकले गेले. लुइझियानाच्या विधिमंडळात मतदानाच्या वेळी त्यांचे काही समर्थक गैरहजर राहिले आणि तिथली पाचही मते जॅक्सन व ॲडम्स यांनी वाटून घेतली. ती पाच मते मिळाली असती तर क्ले ४२ वर जाऊन क्रॉफर्ड यांच्या पुढे गेले असते, आणि ज्या सभागृहावर त्यांची पकड होती तिथेच ते उमेदवार म्हणून उभे राहिले असते. न्यूयॉर्कच्या विधिमंडळातल्या डावपेचांतही त्यांच्या हक्काची काही मते निसटली होती. राजा होणे हुकले, पण राजा कोण हे ठरवणे हाती आले.

क्ले आणि ॲडम्स यांच्यात मुळीच सख्य नव्हते. १८१४ मध्ये गेंट येथे ब्रिटनशी तहाची बोलणी करताना दोघे एकाच शिष्टमंडळात होते. पहाटे उठणाऱ्या ॲडम्स यांना क्ले यांच्या खोलीतली पत्त्यांची मैफल तेव्हा कुठे उठताना ऐकू येई. तरीही क्ले यांना ॲडम्स सोयीचे होते. आयातशुल्क, राष्ट्रीय बँक, सरकारी खर्चाने रस्ते आणि कालवे या त्यांच्या कार्यक्रमाच्या सर्वांत जवळ तेच होते. जॅक्सन यांना क्ले ‘लष्करी सरदार’ मानत, आणि शिवाय पश्चिमेकडच्या राज्यांत त्यांचे खरे प्रतिस्पर्धी जॅक्सनच होते. तत्त्व आणि स्वार्थ इथे एकाच दिशेला बोट दाखवत होते, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे क्ले यांनाही सांगता आले असते असे वाटत नाही.

डिसेंबरमध्ये क्ले यांचे केंटकीचे मित्र रॉबर्ट लेचर ॲडम्स यांच्याकडे खेपा घालू लागले. क्ले यांना स्वतःचे हित साधता आले तर ते तुम्हाला पाठिंबा देतील, असा या बोलण्याचा रोख असल्याचे ॲडम्स यांनी रोजनिशीत टिपले आहे. ९ जानेवारी १८२५ च्या संध्याकाळी क्ले स्वतः आले आणि दोघे बराच वेळ एकांतात बोलले. सार्वजनिक महत्त्वाच्या काही तत्त्वांबाबत क्ले यांना खातरी हवी होती, वैयक्तिक काही नको होते, इतकीच नोंद रोजनिशीत आहे. एरवी पानेच्या पाने भरणाऱ्या ॲडम्स यांनी त्या नोंदीपुढे जागा कोरी सोडली.

याउलट छोटे सौदे मात्र त्यांनी बिनदिक्कत लिहून ठेवले. मिझुरीचे एकमेव प्रतिनिधी जॉन स्कॉट यांनी आपल्या भावाचा विषय काढला. आर्कान्सा प्रदेशात न्यायाधीश असलेल्या या भावाने सहकारी न्यायाधीशाला द्वंद्वयुद्धात ठार केले होते आणि त्याचे पद धोक्यात होते. मेरीलंडच्या एका फेडरलिस्ट प्रतिनिधीसाठी मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी डॅनियल वेब्स्टर पत्राचा मसुदा घेऊन आले. फेडरलिस्टांना पदांपासून दूर ठेवणार नाही, असा त्याचा आशय होता आणि ॲडम्स यांनी त्याला संमती दिली. घोडेबाजाराचा लेखी पुरावा शोधायचा तर तो या नोंदींत आहे. गाजला तो मोठा व्यवहार, ज्याचा पुरावा आजवर सापडलेला नाही.

केंटकीच्या विधिमंडळाने आपल्या प्रतिनिधींना जॅक्सन यांना मत देण्यास सांगितले होते, आणि ॲडम्स यांना त्या राज्यात जनतेचे एकही मत पडलेले नव्हते. तरी केंटकीचे प्रतिनिधी ८ विरुद्ध ४ असे ॲडम्स यांच्याकडे गेले. जानेवारीच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात निनावी पत्र छापून आले की क्ले यांनी परराष्ट्रमंत्रिपदाच्या बदल्यात स्वतःला विकले आहे. क्ले यांनी वृत्तपत्रातूनच लेखकाला खोटारडा आणि भ्याड ठरवून द्वंद्वाचे आव्हान दिले. पुढे आले ते पेनसिल्व्हेनियाचे जॉर्ज क्रेमर, बिबट्याच्या कातड्याचा कोट घालून सभागृहात येणारे एक विक्षिप्त सदस्य. त्यांच्याशी पिस्तूल रोखून उभे राहणे हास्यास्पद ठरले असते. क्ले यांनी चौकशी समिती मागितली, पण क्रेमर तिच्यापुढे साक्ष द्यायलाच तयार झाले नाहीत.

९ फेब्रुवारी १८२५ रोजी मतदान झाले. निवडून यायला १३ राज्यांची मते लागत होती. ॲडम्स यांना पहिल्याच फेरीत बरोबर १३ मिळाली, जॅक्सन यांना ७ आणि क्रॉफर्ड यांना ४. क्ले यांनी निर्वाचक मतांत जिंकलेली केंटकी, ओहायो आणि मिझुरी ही तिन्ही राज्ये त्या तेरांत होती. न्यूयॉर्कचा निकाल स्टीव्हन व्हॅन रेन्सलेअर या वृद्ध जमीनदाराच्या एका मतावर अडला होता. त्यांनी देवाची प्रार्थना करून डोळे उघडले तेव्हा पायाशी ॲडम्स यांच्या नावाची चिठ्ठी पडलेली दिसली, असा किस्सा न्यूयॉर्कचे सिनेटर मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांनी पुढे सांगितला. ते विरुद्ध बाजूचे सूत्रधार होते, तेव्हा किस्सा त्या हिशेबानेच घ्यावा.

जॅक्सन यांनी त्या संध्याकाळी ॲडम्स यांचे सभ्यपणे अभिनंदन केले. क्ले यांचे नाव जाहीर झाल्यावर मात्र त्यांनी पत्रात ‘पश्चिमेचा ज्यूडस’ (ज्यूडस हा येशूला तीस नाण्यांसाठी दगा देणारा शिष्य) आपली चांदीची तीस नाणी घेणार, असे लिहिले. त्या काळी परराष्ट्रमंत्रिपद ही राष्ट्राध्यक्षपदाची पायरीच होती. जेफरसन, मॅडिसन, मनरो आणि आता ॲडम्स असे चौघे त्याच पायरीवरून वर गेले होते, त्यामुळे क्ले यांना नुसते मंत्रिपद नव्हे तर गादीचा वारसा मिळाला असा लोकांचा समज झाला. हे पद घेणे ही चूक होती, हे क्ले यांनी पुढे मान्य केले. सिनेटर जॉन रँडॉल्फ यांच्या टोमण्यांवरून १८२६ मध्ये ते खरोखरच द्वंद्वाला उभे राहिले. गोळीने रँडॉल्फ यांचा कोट फाटला, इजा कोणालाच झाली नाही.

टेनेसीच्या विधिमंडळाने १८२५ मध्येच जॅक्सन यांना पुढच्या निवडणुकीसाठी उभे केले, आणि तीन वर्षे ‘सौदा’ हाच प्रचाराचा मुद्दा राहिला. १८२८ मध्ये जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ मतांनी जिंकले. त्यांच्याभोवती जमलेल्या गटांतूनच डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. क्ले १८३२ आणि १८४४ मध्ये पुन्हा लढले आणि हरले.

जॅक्सन यांच्या दारीही दलाल आलाच होता. १८२४ च्या डिसेंबरअखेरीस पेनसिल्व्हेनियाचे तरुण प्रतिनिधी जेम्स बुकॅनन त्यांना भेटले. ॲडम्स यांना परराष्ट्रमंत्रिपदावर ठेवणार नाही एवढे जाहीर केले तर क्ले यांची माणसे वळतील, असे त्यांनी सुचवले. जॅक्सन यांनी नकार दिला आणि १८२७ मध्ये हीच भेट क्ले यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केली. तेव्हा बुकॅनन यांनी आपण क्ले यांच्या वतीने गेलोच नव्हतो असे सांगून अंग काढून घेतले. पुढे जॅक्सन यांनी त्यांना रशियात अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून पाठवले, आणि १८५७ मध्ये बुकॅनन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले.